वलगणीच्या चिवणीला पंधरा दिवस वाट द्या

प्रति,
संपादक,
'वाचकांची पत्रे' विभाग

सप्रेम नमस्कार.

मी पेण तालुक्यातल्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात, राहते आणि गेली सत्तावीस वर्षं वडखळ नाक्यावर मासळी विकते. आधी सासूबाईंबरोबर बसायचे, त्या गेल्यापासून एकटी बसते. मुंबईहून आलेल्या गाड्या अलिबागकडे वळतात तिथेच आमच्या पाट्या असतात. मे संपत आला की गिऱ्हाईक गाडीची काच खाली करून एकच विचारतं, "मावशी, वलगणीच्या चिवण्या कधी येणार?" हे पत्र त्या चिवण्यांबद्दल, पहिल्या पावसात खाडीतून वर चढणाऱ्या त्या छोट्या माशांबद्दल आहे. त्या विकून मी दोन मुलांची शिक्षणं केली. आणि आता वर्षातले पंधरा दिवस त्या कोणीच विकू नयेत, मीसुद्धा नाही, असा नियम सरकारने करावा म्हणून मी लिहिते आहे.

घाटावरच्या वाचकांना वलगण माहीत नसेल. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडतो, शेतं भरून वाहायला लागतात आणि ते गोडं पाणी नाल्यानाल्यांनी खाडीत उतरतं. खाडीतल्या चिवणीला ते पाणी लागलं की ती प्रवाहाच्या उलट निघते. धरमतरची खाडी सोडून अंबा नदीत, नदीतून नाल्यात, नाल्यातून बांधावरून उडी मारून घोटाभर पाण्याच्या शेतात. अंडी घालायला तिला खारं पाणी नको असतं, असं उथळ, गोडं, गवताचं पाणी लागतं. नदीच्या वरच्या अंगाला, नागोठण्यापासून पाली-जांभूळपाड्याकडे, हेच मळे, खवली, मुऱ्या, शिवडा हे नदीतले मासे करतात. उन्हाळाभर डोहात दडून बसलेले असतात आणि पहिल्या लोंढ्याला ओढ्यांनी वर चढतात. तळकोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, आम्ही वलगणीचे म्हणतो. भादव्यात-आश्विनात पाणी ओसरायला लागलं की पिल्लं बोटाएवढी होऊन त्याच वाटेने खाली उतरतात.

चिवणी दिसायला काही नाही. मिशांचा, बिनखवल्यांचा, वीतभरही नसलेला मासा. पंखाचा काटा बोटात गेला तर दोन दिवस हात ठणकतो, आमच्या सगळ्याजणींच्या बोटांवर त्याच्या खुणा आहेत. पण जूनमध्ये तिचं पोट गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, असं तटतटलेलं असतं की विळीवर धरली की कातडीआडून पिवळं दिसतं. गिऱ्हाईकाला तीच गाबोळी हवी असते. वर्षभरात चिवणीला जो भाव येत नाही तो त्या आठ-दहा दिवसांत येतो.

माझं माहेरही खारेपाटातलंच. शेत बांधाला लागून होतं आणि बांधाला उघाडी होती. उघाडी म्हणजे खारबंदिस्तीत ठेवलेलं दार. भरतीला बंद होतं, खारं पाणी शेतात शिरू देत नाही. ओहोटीला उघडतं, पावसाचं पाणी बाहेर जाऊ देतं. जूनच्या रात्री ओहोटी लागली की त्या दारातून पाणी घोंघावत बाहेर पडायचं आणि त्याच पाण्यात तोंड घालून चिवण्या आत यायच्या. वडील पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, घेऊन नाल्याच्या एका काठाला उभे राहायचे. मी गॅसबत्ती धरायचे. पाग टाकायचा, बुडाला जाऊ द्यायचा, ओढायचा, काठावर झटकायचा, काट्यात अडकलेले मासे सोडवायचे, मग पुन्हा टाकायचा. एवढं होईपर्यंत कितीतरी मासे आमच्या पायांमधून वर निघून जायचे. पोटऱ्यांना त्यांचा चुळचुळीत स्पर्श व्हायचा, तो मला अजून आठवतो. वडिलांनी कधी मासा वाचवायचा म्हणून मासा सोडला नाही. पाग टाकून ओढेपर्यंत वेळ जातो, तेवढ्या वेळात मासा सुटतो, इतकंच. पण त्या वेळेवर आमची खाडी भरलेली होती हे मला फार उशिरा कळलं.

आता पाग घेऊन रात्रभर उभं राहायला कोणाला वेळ नाही. उघाडीच्या तोंडालाच बोक्शी, म्हणजे एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं, लावतात, या काठापासून त्या काठापर्यंत. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, असा बारीक की मच्छरदाणीच म्हणावी. जाळं लावून माणसं बांधावर मोबाइल बघत बसतात आणि पहाटे भरलेली बोक्शी उपसतात. त्यातून वर काही जात नाही. नदीच्या वरच्या अंगाला याहून वाईट ऐकायला मिळतं. बंधाऱ्याच्या पायथ्याशी मासा अडून गोळा होतो, तिथे बॅटरीचा करंट सोडतात, कुठे डोहात ब्लीचिंग पावडर टाकतात. करंटने मेलेला मासा आम्हाला हातात घेतल्याबरोबर ओळखू येतो, त्याची पाठ ताठ होते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे आमच्याच गावच्या उघाडीवरची सगळी मासळी मी घेतली. दोन पाट्या भरल्या. नाक्यावर अकरा वाजायच्या आत संपल्या. कापून देता देता माझ्या लक्षात आलं की एकही चिवणी रिकाम्या पोटाची नाही. त्या वर्षी भादव्यात मी आमच्या शेताच्या कडेने फिरले. एरवी पाण्यात पाऊल टाकलं की पिल्लांचे थवे फुटतात. त्या वर्षी पाणी हललं नाही. ती पिल्लं माझ्या विळीवर गेली होती.

मी दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तक्रार घेऊन गेले. एका कार्यालयात सांगितलं, आमची बंदी समुद्राची, नाल्याची नाही. दुसऱ्याने सांगितलं, उघाडी आमची पण मासा आमचा नाही. तिसऱ्या ठिकाणी साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही स्वतःच विकता ना?" मी विकते. म्हणूनच मला माहीत आहे.

कायद्याच्या गोष्टी मला कळायला लागल्या त्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमुळे. २०१९ साली हरित न्यायाधिकरणाने सगळ्या राज्यांना ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली आणि गावोगाव समित्या, लोकजैवविविधता नोंदवह्या यांची घाई उडाली. समितीत बायका घ्याव्याच लागतात, तसं माझं नाव गेलं. नोंदवही भरायला एक शिकलेली मुलगी आली होती. ती माझ्याजवळ नाक्यावर तीन दिवस बसली आणि माशांची नावं लिहून घेतली. कोणता मासा कधी येतो, कुठून येतो, कोणाची गाबोळी कधी भरते. तोवर मला कोणी हे विचारलंच नव्हतं. ते पान आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. त्यावर चिवणीपुढे लिहिलं आहे, 'पहिल्या पावसात खाडीतून शेतात'. एवढी नोंद सरकारदरबारी आहे, म्हणजे हा मासा कधी कुठून जातो ते कोणाला ठाऊक नाही असं आता म्हणता येणार नाही.

त्या मुलीने मला जे समजावलं आणि नंतर मी विचारून विचारून जे कळून घेतलं ते इथे मांडते.

समुद्रात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली ती बंदी येते. कारण दोन सांगतात, खवळलेला समुद्र आणि माशांचा विणीचा काळ. पारंपरिक बिनयंत्राच्या होड्यांना त्यातून सूट आहे. आमच्या कोळी भावांनी ही बंदी अंगवळणी पाडून घेतली आहे, नुकसान सोसून पाळतात. मग नेमक्या त्याच दिवसांत खाडीतून नदीत शिरणारा मासा विणीला आलेला नसतो का? समुद्रातली पापलेट दोन महिने राखायची आणि उघाडीतली गाबोळीची चिवणी पाटीने विकायची, यात मला मेळ दिसत नाही.

नद्यांसाठी कायदाच नाही असंही नाही. इंग्रजांच्या वेळच्या १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यात पाण्यात सुरुंग लावणं आणि विष घालणं गुन्हा होता, दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. त्याच कायद्यात सरकारला नियम करून जाळ्याचा आस ठरवायचा, एखाद्या पाण्यात ठरावीक मुदतीपुरती मासेमारी बंद ठेवायचा अधिकार होता. आणि जमिनीत रोवून किंवा दुसऱ्या कशाने एका जागी पक्कं केलेलं जाळं, पिंजरा, सापळा यांवरही नियम करता येत होता. हे मला त्या मुलीने मराठीत सांगितलं तेव्हा मी तिला दोनदा म्हणायला लावलं. एका जागी पक्कं केलेलं जाळं म्हणजे आमच्या उघाडीतली बोक्शीच. सव्वाशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी साहेबाला पाग आणि बोक्शी यांतला फरक कळला होता. पुढे महाराष्ट्राने १९६० चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. सुरुंग आणि विषाला त्यातही मनाई आहे. पण वलगणीच्या रात्री उघाडीवर त्यातला एकही शब्द पोचत नाही.

आणखी एक कायदा आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातल्या १११ जलमार्गांमध्ये आमची अंबा नदी आहे, जलमार्ग क्रमांक १०, नागोठण्याच्या पुलापर्यंत ४५ किलोमीटर. नागोठणं जुनं बंदर, तिथवर भरती चढते, गलबतं जायची. म्हणजे होडीने आणि बार्जने कुठून कुठवर जायचं हे दिल्लीच्या कायद्यात लिहिलेलं आहे. त्याच पाण्यातून त्याच दिशेने जाणाऱ्या माशाची वाट मात्र कुठेच लिहिलेली नाही.

माशासाठी एखाद्या पाण्याला संरक्षण मिळाल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. आंबोलीला महादेवाच्या देवळाच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा सापडला आणि २०२१ साली सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. २००२ च्या जैवविविधता कायद्याचं कलम ३७ त्यासाठी वापरलं. मला त्याचा खूप आनंद झाला. महाडच्या पुढे काळ नदीवर वाळणकोंडीलाही देवीचे मासे म्हणून गावाने महसीर पिढ्यान्पिढ्या राखले आहेत, तिथे तर कायद्याची गरजही पडली नाही. पण हे दोन्ही मासे एका जागी राखता येतात. कुंडाला कुंपण घालता येतं, डोहाला देवीचं नाव देता येतं. आमची चिवणी आज खाडीत असते, उद्या रात्री नाल्यात, परवा माझ्या शेतात. तिची कुठली २ हेक्टर राखणार? तिला जागा नको आहे. तिला वाट मोकळी हवी आणि ती पंधरा दिवस हवी. आपले कायदे जागा राखायला शिकलेले आहेत, वाट आणि वेळ राखायला शिकलेले नाहीत, असं मला वाटतं.

बांगलादेशाने ते केलं आहे. आपण ज्याला पाला म्हणतो तो मासा, त्यांचा इलिश, समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो. तिथे आश्विनातल्या पौर्णिमेच्या आसपास २२ दिवस इलिश पकडायचा नाही, विकायचा नाही, न्यायचा नाही. तारीख पौर्णिमा बघून ठरवतात कारण मासा पौर्णिमा बघून चढतो. आणि त्या दिवसांत मच्छीमार कुटुंबाला सरकार २५ किलो तांदूळ देतं. पिल्लांसाठी वेगळी बंदी, विणीच्या जागांसाठी वेगळं राखीव पाणी. २००२-०३ च्या सुमारास त्यांचा इलिश वर्षाला २ लाख टनांपर्यंत खाली आला होता, २०१७-१८ मध्ये तो ५ लाखांच्या वर गेला. आपल्याकडे फरक्क्याला १९७५ मध्ये धरण झालं आणि त्याआधी अलाहाबादेपर्यंत आणि त्याच्याही वर जाणारा इलिश बंगालातच थांबला. या दोन्ही गोष्टी एकाच माशाच्या आहेत.

माझी मागणी लहान आहे. रायगड जिल्ह्यात मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की त्या दिवसापासून पंधरा दिवस वलगणीच्या माशांची विक्री बंद. तारीख जूनच्या पहिल्याला बांधू नये, पाऊस कधी पाच तारखेला येतो कधी वीस तारखेला. ती जिल्ह्याने त्या त्या वर्षी जाहीर करावी. उघाडीच्या तोंडाला, रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाला आणि बंधाऱ्याच्या पायथ्याला त्या पंधरा दिवसांत कुठलंही पक्कं जाळं नको. बंधाऱ्याच्या फळ्या पाऊस पडल्यावर नाही, आधी काढाव्यात. बाकी नाल्याला पाग चालेल.

मी 'विक्री बंद' म्हणते, 'मासेमारी बंद' म्हणत नाही, हे मुद्दाम आहे. आमच्या भागातली कातकरी कुटुंबं पावसाच्या तोंडावर वीटभट्टीवरून परत येतात. हातात पैसा नसतो, लावणी सुरू व्हायला अवकाश असतो, घराचं छप्पर शाकारायचं असतं. त्या दिवसांत नाल्यातली चार मासळी हेच त्यांच्या पोरांचं कालवण. ते हाताने, पागाने, बांबूच्या सापळ्याने घरापुरतं पकडतात. त्यांच्यामुळे चिवणी कमी झालेली नाही, ती माझ्यासारख्यांच्या पाटीमुळे आणि मोठ्या गाड्यांच्या भावामुळे झाली. उद्या बंदी आली आणि पोलिसाने पहिला हात कातकऱ्याच्या झोळीला घातला तर मला असला कायदा नको. बंदी विकणाऱ्यावर घाला. आम्ही नाक्यावर, बाजारात, सगळ्यांसमोर बसतो, आम्हाला शोधायला रात्री बांधावर जावं लागत नाही.

माझ्या बरोबरीच्या बायका मला विचारतात, पंधरा दिवस खायचं काय. प्रश्न खरा आहे. पावसाळ्यात आम्ही सगळ्याजणी मेमध्ये भरून ठेवलेली सुकट, बोंबील, वाकट्या विकतोच. वलगणीचा पैसा वरचा असतो, पण तो पैसा एकरकमी येतो आणि मुलांच्या वह्यापुस्तकांच्या वेळेला येतो, म्हणून तो सोडणं जड जातं. त्यासाठी बांगलादेशासारखं त्या पंधरा दिवसांचं धान्य नोंदणी केलेल्या मासळी विक्रेत्या बायकांना मिळावं असं मला वाटतं. ते न मिळालं तरी मी विकणार नाही. गेल्या जूनमध्ये विकल्या नाहीत. गिऱ्हाईक माझ्यासमोरून उठून शेजारणीकडे गेलं. तिला मी दोष देत नाही, तिची मुलगी बारावीला आहे. म्हणूनच नियम हवा आहे. एकटीने सोडलं तर मासा वाचत नाही, फक्त पाटी बदलते.

कोणी म्हणेल, खाडीत येणाऱ्या रसायनांचं काय, भरावाचं काय. त्याचंही करायलाच हवं. कधीकधी सकाळी खाडीच्या कडेला पांढरी पोटं वर करून मासळी तरंगते, ते आम्हीच आधी बघतो. आणि भराव तर डोळ्यांसमोर चालू आहे. शेत विकलं जातं, मातीचे डंपर येतात, रुंद नाला दोन पाइपांत घालतात, पाइपाचं तोंड पाण्याच्या वर हातभर लटकतं. पाऊस पडला की पाणी त्यातून धबधब्यासारखं पडतं आणि चिवणी खाली गोल फिरत राहते. तिला चढता येत नाही. पाइप हातभर खाली बसवला असता तर चाललं असतं, खर्च तोच. भराव करायची परवानगी देताना कागदावर पाण्याच्या निचऱ्याचा रकाना असतो म्हणतात. त्यात मासा चढण्याचाही विचार व्हावा.

मत्स्यव्यवसाय हा विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे दिलेला आहे. तेव्हा सुरुवात गावापासून होऊ शकते असं मला वाटतं. आमच्या ग्रामसभेपुढे मी ठराव ठेवणार आहे. गावच्या हद्दीतल्या तीन उघाड्यांना मृगात बोक्शी लावायची नाही, आणि तसा नियम जिल्ह्यासाठी करावा अशी मत्स्यव्यवसाय विभागाला विनंती. शेजारच्या दोन गावच्या समित्यांमधल्या बायकांशी बोलले आहे, एका गावचा होकार आहे. अंबेच्या वरच्या अंगाला, पाली-सुधागडकडच्या कोणी हे पत्र वाचलं तर त्यांनी तिथल्या डोहांचा आणि बंधाऱ्यांचा ठराव करावा. मासा आमच्याकडून चढला आणि तुमच्याकडे करंटने मेला तर दोन्हीकडचं फुकट.

ग्रामसभा मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. पत्र त्याआधी छापता आलं तर बरं होईल, म्हणजे कात्रण घेऊन जाता येईल. तोंडी सांगितलेलं तिथे ऐकतात, पण छापलेलं वाचून दाखवलं की माणसं खुर्ची पुढे ओढून बसतात.

आपली वाचक,
वडखळ नाक्यावरची एक मासळी विक्रेती,
ता. पेण, जि. रायगड
(नाव व पत्ता संपादकांसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे.)